साखरेची वाळू

बोरिवलीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर मधुमुक्तबाबा आणि समोर डायबेटीसवाल्यांची रांग. बाबा एकेकाच्या जिभेवर हिरवं पान ठेवायचे, चावायला लावायचे, वर चमचाभर साखर द्यायचे.

"कशी लागते?"

"वाळू! नुसती वाळू!"

"अंगातली साखर मी ओढली, बेटा! आता साखरेनंच तुझ्याशी नातं तोडलं!"

टाळ्यांचा कडकडाट!

सुलक्षणाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिचा नवरा लवू कीर्तनात पखवाज वाजवायचा. मानेच्या मणक्यात नस दबली आणि त्याच हातांना शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, "ऑपरेशन करू, पण शुगर खाली आणून. नाहीतर जखम चिघळू शकते, हाड जुळायला वेळ लागतो, बोटांतली ताकदही कमीच परतते." आणि ह्या शहाण्यानं बाबांच्या शब्दावर गोळ्याच बंद केल्या होत्या!

लवूची साखरही वाळू झाली. "बघ गो!" त्याचे डोळे भरून आले. "गेली शुगर! डॉक्टरला सांग, उद्याच कापा."

बाबांनी तिच्याही हातावर पान ठेवलं. प्रसाद नाकारायचा कसा? तिनं चावलं, साखर तोंडात टाकली. वाळू!

ती थबकली. "बाबा, मला डायबेटीस नाही. माझी कुठली साखर ओढलीत?"

बाबांनी आशीर्वादाचा हात उंचावला.

"मागच्या जन्मातली!"

"वा! मग ह्यांची ह्या जन्मातली बघूया."

तिनं पर्समधून शुगरचं मशीन काढलं, बाटलीतल्या पाण्यानं लवूचं बोट धुऊन पुसलं आणि टोचलं. तीनशेच्या वर! बाबांना अचानक समाधी लागली.

"गुडमारचा पाला," दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले. "थोडा वेळ जिभेला गोड कळत नाही, एवढंच. एक पान चावून रक्तातली साखर हलत नाही."

ऑपरेशन लांबलं. इन्सुलिन, पथ्य, नवऱ्याची कुरकुर, सगळं झालं आणि शुगर ताब्यात आल्यावरच मानेला सुरी लागली. आता लवू पुन्हा पखवाजावर बसतो. डावी करंगळी अजून बधिर आहे, पण ठेका चुकत नाही. कीर्तन संपलं की सुलक्षणा त्याच्या तळहातावर शिऱ्याचा कणभर प्रसाद ठेवते. गोड लागतो.

देवाच्या प्रसादाची गोडी मारणारा कसला आलाय संत? मंडळी, कुणाच्या पायावर डोकं ठेवायचं ते खुशाल ठेवा. पण गोळी सोडण्याआधी बोट टोचून बघा.