चौथा कोपरा

परभणीच्या कलासंग्रहालयात दर मे महिन्यात प्रदर्शन भरतं. यंदा ते गोधड्यांचं होतं. भागुबाई येलदरीकडच्या आपल्या वाडीवरून सकाळच्या बसनं आली, लेक शालू सेलूहून रेल्वेनं. स्टँडवर भेट झाली, ऑटो ठरला. जावई रामकिशन कसा आहे, एवढं विचारून भागुबाई लगेच मुद्द्यावर आली.

"कोपरा तसाच हाय ना गं?"

शालू म्हणाली, गेल्यावर बघू की.

भागुबाईच्या माहेरची एक रीत होती. लेकीचं लग्न झालं की आई येणाऱ्या नातवंडासाठी लहानी गोधडी शिवायला घेते. तीन कोपरे शिवायचे, चौथा मोकळा ठेवायचा. लेकरू जन्मलं की बाराव्या दिवशी त्याच्या ओठाला भाकरीचा कुटका लावून तो त्या कोपऱ्यात घालायचा आणि मग टाके. ज्याच्या अंगावर जायची त्याचा घास पोटात असला म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. शालूच्या लग्नाच्या वर्षीच भागुबाई शिवायला बसली. आपलं निळं लुगडं फाडलं, शालूचा लहानपणचा लाल झगा मधोमध लावला. मेंढरं सावलीला बसली की तीही बसायची, आणि टाक्यामागून टाका तशी ओवी यायची:

*धावता टाका घालते निळ्या लुगड्याच्या काठी,*
*कोपरा ठेवते मोकळा येणाऱ्या पाहुण्यासाठी.*

ह्याला अकरा वर्षं झाली. परभणीचे दवाखाने झाले, सेलूचे झाले. दोन वर्षांमागं शालूनं आणि रामकिशननं ठरवलं, बस झालं आता. शालूनं आईला तसं सांगितलंही. भागुबाईनं ऐकून घेतलं आणि शेळ्या वळवायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी गोधडी पेटीतून निघून उन्हात पडलेली. दर उन्हाळ्यात ती ऊन खायची, झटकली जायची, परत पेटीत. माहेरी आलं की शालूला ती दिसायची.

म्हणून हिवाळ्यात पद्मजाबाई जुन्या गोधड्या गोळा करत वाडीवर आल्या, तेव्हा आई मेंढरांमागं गेलेली बघून माहेरी आलेल्या शालूनं पेटी उघडली आणि गोधडी त्यांच्या हवाली केली. पद्मजाबाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, प्रदर्शन त्याच मांडतात. टाकवत नव्हतं, बघवत नव्हतं. निदान चार लोकांच्या डोळ्यांसमोर राहील, एवढंच शालूच्या मनात होतं. भागुबाई रागावली नाही. फक्त दर फोनवर कोपऱ्याचं विचारत राहिली.

संग्रहालयाच्या दारात भागुबाईनं चपला काढल्या. नको म्हटलं तरी काढल्याच. पहिल्या दालनात जिल्ह्यातल्या चित्रकारांची चित्रं होती. एका कळपापुढं ती बराच वेळ उभी राहिली. "मेंढराला कान कुठल्या गावचे लावलेत ह्यानं?" कृषी विद्यापीठाच्या दोन पोरी वहीत काहीतरी काढत होत्या, त्या खुदकन हसल्या. भागुबाईही हसली. पुढच्या दालनात गेली आणि थांबली.

भिंतीवर तिची गोधडी होती. निळ्यात लाल. पद्मजाबाई लगबगीनं आल्या, शालूला ओळखलं, आईला नमस्कार केला. मग कौतुकानं बोट दाखवलं.

"मावशी, तुमचा हा एक कोपरा शिवायचा राहून गेला होता. मी स्वतः शिवला. बघा, अगदी तुमच्या टाक्यासारखा साधलाय की नाही?"

साधला होता. भागुबाईलाही क्षणभर कोणता ते कळेना. कळलं तशी ती भिंतीला टेकून खाली बसली.

"रिकामीच शिवली की ओ बाई."

शालूनं पद्मजाबाईंना रीत सांगितली. त्यांचा चेहरा उतरला. आत्ता उसवते, म्हणत त्या कात्री आणायला वळल्या. भागुबाई म्हणाली, उसवा अन् जसा होता तसा मोकळा ठेवा, बाकी काय न्हाई.

शालू आईजवळ खाली बसली.

"उसवू दे, माय. पण मोकळा न्हाई ठेवायचा आता. माझा घास घाल अन् शिव."

"तुझा? लेकराची हाय ती."

"मग मी कोणाचं लेकरू हाय?"

भागुबाईनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, परत मारली. अकरा वर्षं त्या पाहुण्याला तिनं मनातल्या मनात न्हाऊ घातलं होतं, काजळ लावलं होतं, मेंढरांत हिंडवलं होतं.

"म्हंजे कोणी यायचं न्हाई," ती हळूच म्हणाली.

"न्हाई, माय."

सांगून दोन वर्षं झाली होती. ऐकलं तिनं आज.

भिंतीवरच्या गोधडीकडं बघत ती म्हणाली, "तुला पुरायची न्हाई गं. पाय उघडे पडतेल."

"आखडून निजीन."

पद्मजाबाईंनी गोधडी उतरवून कोपरा उसवला. मग अवघडून म्हणाल्या, भाकरी आत गेली तर किडे होतील, बाकीच्या गोधड्यांना लागतील. इथं टांगता येणार नाही. त्यांनी ती घडी घालून शालूच्या हातात दिली. "न्या तुमची. भिंतीचं मी बघते."

आवारातल्या लिंबाखाली भागुबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. कुटका मोडून शालूच्या ओठाला लावला. एकतीस वर्षांची शालू डोळे मिटून बसली होती. कुटक्याला ठेचा लागलेला. "थांब, थांब," भागुबाईनं पदरानं तिचे ओठ पुसले. "बाळंतघरात कोणी ठेचा आणतं व्हय? माझंच ध्यान न्हाई." शालू हसली आणि मग तिला हसू आवरेना, रडूही.

नवा कुटका मोडला, ओठाला लावला, कोपऱ्यात गेला. सुईत दोरा पद्मजाबाईंनी ओवून दिला. टाके भागुबाईनं घातले, दाट, एकाला एक लागून. शेवटचा टाका घालून तिनं दोरा दातानं तोडला.

ऊन मी म्हणत होतं. उठताना भागुबाईनं गोधडी शालूच्या डोक्यावरून घातली. ती जेमतेम पाठीपर्यंत आली. घसरणारी कड तिनं पुढं ओढून लेकीच्या हनुवटीखाली धरली आणि तशीच तिच्यासोबत चालू लागली. ऑटोवाल्यानं विचारलं, स्टँड का?

"रेल्वे," भागुबाई म्हणाली. "आधी हिला बसवून देते. माझी बस काय, कवाबी मिळंल."