दोन खोल्यांतलं मशीन

बाबा गेल्यावर भावांनी वाटणी केली. पुढची खोली थोरल्याला, मागची धाकट्याला. रजया शिवायचं मशीन मात्र कुणाच्याच खोलीत मावेना. त्याची चौकट इतकी लांब, की बाबांनी मधलं दार काढून टाकून ती दोन्ही खोल्यांत मिळून बसवली होती. चौकटीवर रजई ताणायची आणि रुळांवरून मशीनचं डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत न्यायचं. त्यामुळे रजईची डावी बाजू थोरल्याच्या घरात शिवली जाई आणि उजवी धाकट्याच्या.

शिवत होते मी. मी दोघांची मोठी बहीण. माझं लग्न झालं नाही, म्हणजे जमलं नाही, म्हणजे तेव्हा रजया वेळेत द्यायच्या होत्या. वाटणीच्या दिवशी माझा विषय निघाला नाही असं नाही. ‘ताई काय, आपलीच आहे,’ असं दोघंही म्हणाले. जे आपलंच आहे ते वाटायचा प्रश्न येत नाही. दुपारी मी पुढच्या खोलीत जेवायची, रात्री मागच्या. अंथरूण चौकटीखाली, डोकं थोरल्याकडं आणि पाय धाकट्याकडं. धाकट्याची बायको यावरून एकदा फुगून बसली, तेव्हापासून मी एक दिवसाआड दिशा बदलते.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत, मग समोरचा हाताच्या अंतरावर असला तरी. पण खर्च त्यांनी चोख वाटून घेतला होता. टाक्याला दोन दोरे लागतात. वरचा रिळावरून सुईत येतो, खालचा बॉबिनमधून. वरचा दोरा थोरल्याने आणायचा, खालचा धाकट्याने. टाक्याची वाटणी करणारी माणसं मी तरी दुसरी पाहिली नाहीत. सुया आणि तेल कुणी आणायचं हे ठरवायचं राहून गेलं, म्हणून ते मी आणायची.

थोडे दिवस बरे गेले, कारण बाबांच्या वेळचा दोरा शिल्लक होता. तो संपला आणि मशीन बिघडलं. आधी रजईच्या वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसायला लागले. मग खाली गुंते. मग टाके सुटायला लागले, आणि शेवटी दोराच तुटायला लागला, तोही रजईच्या ऐन मध्यावर.

माझ्या परीनं मी सगळं केलं. सुई बदलली. दोरा काढून पहिल्यापासून ओवला. बॉबिनची डबी उघडली, तर आत कापसाचा एवढा पुंजका साठला होता की त्यात चिमणीनं अंडी घातली असती. तो काढला, तेल दिलं. मशीन जरा वेळ शहाण्यासारखं चाललं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मेकॅनिक आला. गडी जाडजूड, बोलायला कंजूस. त्यानं सुईचा दोरा खालून पकडणारा आकडा आणि सुई यांचा मेळ पुन्हा लावला, खिशातून स्वतःच्या दोऱ्याचं रीळ काढलं, वर तोच, बॉबिनमध्ये तोच, आणि एका चिंधीवर टाके मारले. टाके सुतासारखे सरळ आले. “ताई, मशीनला काही झालेलं नाही,” असं म्हणून तो चहा न घेता गेला. आमचे दोरे लावले आणि पहिल्याच ओळीत गुंता झाला. थोरल्याचं म्हणणं पडलं, मेकॅनिक धाकट्यानं फितवलेला आहे. धाकट्याचं म्हणणं तेच, फक्त नाव थोरल्याचं. सुतावरून स्वर्ग गाठण्यात आमच्या घराचा हात धरणारं कुणी नाही.

अशात एका वसतिगृहाच्या रजया परत आल्या. शिवणीत बोट घातलं की कापूस बाहेर येत होता. त्या संध्याकाळी थोरला मला म्हणाला, मशीन विकून टाकू, त्याला विचार. मी मान वळवून विचारलं. धाकटा म्हणाला, माझी ना नाही, सांग त्याला. वाटणीनंतर त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि ते माझ्या मुळावर आलं. मशीन गेलं की मधलं दार विटांनी बुजवायचं, हेही त्याच दमात ठरलं. ताई मग कुठल्या बाजूला, हे कुणीच बोललं नाही. मला वाटतं दोघांनाही ती बाजू समोरच्याचीच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी विटा आल्या आणि अंगणात रचल्या गेल्या. माणूस आजारी असताना तिरडीचे बांबू आणून ठेवावेत तशा त्या दिसत होत्या. मला रडू आलं. ते मी मशीनला तेल देता देता उरकून घेतलं.

तेल देतानाच मला कळलं घोडं कुठं पेंड खातंय. मी चौकटीखाली वाकले होते, त्यामुळे कुणाला दिसत नव्हते. थोरला आला आणि वरच्या दोऱ्याच्या ताणाची चकती दोन फेरे आवळून गेला. त्याच्या मते धाकट्याचा दोरा वर येत होता, तेव्हा आपला घट्ट हवा. जरा वेळानं धाकटा आला. त्यानं डबी काढली, तिचा बारीक स्क्रू आवळला आणि डबी जागच्या जागी ठेवली. त्याच्या मते थोरल्याचा दोरा खाली लोंबत होता. हे रोज चालत असणार. दोन्हीकडून आवळल्यावर मधला टाका तुटेल नाहीतर काय होईल.

मग मी दोघांचे दोरे शेजारी ठेवून पाहिले. थोरल्याचा जाड आणि चकचकीत, कारण रजईचं तोंड लोक बघतात. धाकट्याचा केसासारखा बारीक, कारण खालून कोण बघतंय. मी त्यांना सांगायला गेले. थोरला म्हणाला, त्याला म्हणावं जाड आण. धाकटा म्हणाला, त्याला म्हणावं बारीक आण. मी दोघांचे निरोप दोघांना पोचवले. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा मी सुया आणते त्या दुकानात गेले आणि मध्यम जाडीचा, पांढरा दोरा आणला. तोच रिळावर लावला, तोच बॉबिनमध्ये भरला. चकती सैल केली, स्क्रू सैल केला, आणि डबी दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवली. हाताला झटका दिला की जराशी खाली उतरावी आणि थांबावी, इतपत ताण ठेवायचा. हे बाबांनी शिकवलं होतं. भावांनाही शिकवलं होतं.

जुनी मशीनं घेणारा सकाळी टेम्पो घेऊन आला. तो चौकट कुठून सोडवायची ते बघत होता, तेवढ्यात मी कापडाच्या दोन थरांत कापूस घालून हातभर तुकडा शिवला. दोरा कापून तुकडा चौकटीवर ठेवला आणि भावांना दोन्ही बाजूंनी बोलावलं.

“आपापला दोरा ओळखा,” मी म्हटलं. “ज्याला ओळखता येईल त्याचं मशीन. त्यानं खुशाल विकावं, दुसऱ्यानं काही मागायचं नाही.”

दोघंही लगेच कबूल झाले. हरायची भीती दोघांपैकी एकालाही नव्हती. थोरल्यानं तुकडा उचलला, बोट फिरवलं आणि ही वरची बाजू, हा माझा, असं मला सांगितलं. धाकट्यानं तो त्याच्या हातातून घेतला, उलटा केला आणि मग ही कुठली, असं मला विचारलं. थोरल्यानं परत उलटा केला. असं बराच वेळ चाललं. टाके दोन्हीकडून सारखे होते, ना ठिपका ना गाठ. टेम्पोवाल्यानं मला विचारलं, विकायचंय की नाही. मी म्हटलं, चाललंय त्यांचं.

शेवटी धाकट्यानं तुकडा खाली ठेवला. थोरल्यानं तो पुन्हा उचलला नाही.

“मग हा दोरा कुणाचा?” त्यानं विचारलं.

“माझा,” मी म्हटलं.

टेम्पोवाला समजूतदार होता, तो आपसूक निघून गेला. मी वसतिगृहाची रजई चौकटीवर ताणली. एवढी वर्षं या मशीनवर उभी राहिले, पण ते आपलं आहे असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मला फार बरं वाटलं. तोंडावर मी ते दिसू दिलं नाही.

भाऊ तिथंच उभे होते, एक इकडं, एक तिकडं. जरा वेळानं धाकटा म्हणाला, “मग आता विटांचं काय करायचं?”

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात लक्षात आलं, तो माझ्याकडं बघत नव्हता. तो थोरल्याकडं बघून विचारत होता. मी मशीन चालू केलं. थोरला काय म्हणाला ते त्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ काहीतरी म्हणत होता, आणि त्याचा निरोप पोचवायला मला कुणी सांगितलं नाही.