यादीत फक्त फोल्डर

बोडिलने चौथ्यांदा माउसचं उजवं बटण दाबलं. यादी उघडली. बाण तिने 'नवीन' या शब्दावर नेला आणि शेजारी दुसरी यादी उघडण्याची वाट पाहिली. तीही उघडली, पण तिच्यात एकच ओळ होती : फोल्डर. त्याच्यापुढे निळ्या-पिवळ्या ढालीचं बारकंसं चित्र. त्याखाली काही नाही.

"परत तेच," ती म्हणाली.

मागे खिडकीशी पलंगावर टागे होता. तो बोलू शकत नव्हता, मानही हलवू शकत नव्हता. त्याचे डोळे मात्र तिच्या पाठीवर होते, हे तिला न वळता कळत होतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तेवढं कळायला लागतं.

तिने पडद्यावरची ती खिडकी मिटवली आणि डेस्कटॉपवर तेच करून पाहिलं. तिथे 'नवीन'च्या पुढे सगळं होतं : फोल्डर, शॉर्टकट, चित्र, मजकुराची फाइल. तिने मजकुराची फाइल घेतली, कागदावरून वाक्य टाइप केलं आणि फाइल ओढून हव्या त्या जागी टाकायला गेली. पडदा अंधारला आणि मध्ये एक चौकट आली. पासवर्ड हवा होता, आणि तो मुलाचा, एस्बेनचा.

"आपल्याच घरात आपल्याला मज्जाव," ती म्हणाली. टागेला पूर्वी अशा बोलण्यावर हसू यायचं. आता ते डोळ्यांच्या कडेला दिसायचं, असलं तर. तिने वळून पाहिलं. होतं थोडं.

थिबोरोन बंदरातल्या मासळी लिलावात टागेने एकतीस वर्षं बोली पुकारली. पश्चिमेचा वारा असला की त्याचा आवाज समुद्र अडवणाऱ्या धरणापर्यंत ऐकू येतो, असं बंदरावरचे लोक म्हणत. बोडिल म्हणायची, वारा कुठलाही असो, येतोच. मग एका सकाळी हॅलिबट माशांच्या पेटीपाशी त्याची जीभ अडखळली. खरेदीदार हसले, कालची उतरली नाही का रे म्हणाले. तोही हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि त्या महिन्याअखेर त्याने लिलावाची घंटा दुसऱ्याच्या हातात दिली. स्नायू एकेक करून सुटत जाण्याचा आजार होता तो. त्याची सुरुवात जिभेपासून झाली.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, आवाज अजून बरा होता तेव्हा, मुलगा ओडेन्सेहून आला. एस्बेन हा संगणकातला माणूस. जाळी ठेवायच्या खोपटात त्याने भिंतींना गोधड्या लावल्या, माइक उभा केला आणि बापाकडून दोनशे बारा वाक्यं बोलून घेतली. पाणी. उशी जरा वर. पाठ खाजतेय. खिडकी उघडा. मग एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वाक्य, आणि टागेचे डोळे टिपणारी एक डबी. टागेने चौकोनाकडे टक लावली की त्याच्याच आवाजात वाक्य उमटे. अक्षरं टिपण्याइतकी ती डबी हुशार नव्हती. चौकोनाबाहेरचं काही सांगायचं असेल तर अक्षरांचा तक्ता होता. बोडिल ओळींवरून बोट फिरवी आणि तो पापणी मिटे.

वाक्यांचं सगळं सामान एस्बेनने संगणकातल्या राखीव जागी ठेवलं होतं, जिथे साध्या वापरणाऱ्याला हात लावता येत नाही. "चुकून पुसलं गेलं तर हा आवाज परत मिळायचा नाही, आई," असं तो म्हणाला होता.

ऑगस्टमध्ये बापलेकांचं फाटलं. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावायचं सुचवलं होतं. टागेला ते नको होतं. एस्बेन पलंगापाशी उभा राहून ओरडला, की हा नुसता हट्ट आहे, आमचा कुणी विचार करणार की नाही. टागेने चौकोनाकडे पाहिलं. "नको," आवाज आला. एस्बेन आणखी ओरडला. "नको." एप्रिलमध्ये खोपटात, जेवणाआधीच्या घाईत बोललेला, चांगल्या मजेतला 'नको' होता तो. एस्बेनने गाडीची किल्ली उचलली. त्यानंतर तो रविवारी आईला फोन करी, तेही ती दुकानात गेलेली असेल अशा वेळी, बापाच्या कानाआड.

आता श्वास उथळ झाला होता. गुरुवारी डॉक्टर शेवटचं विचारायला येणार होते.

आणि मंगळवारी, म्हणजे काल, टागेने डोळ्यांनी तक्ता मागितला होता. दुपारच्या कॉफीपासून अंधार पडेपर्यंत बोडिलने बोट फिरवलं. पहिला शब्द आला तिचं नाव. मशीनबद्दल त्याचं मन बदललंय, असं तिला वाटून गेलं. वाटू नये म्हणून तिने लगेच पुढची ओळ धरली. शेवटी कागदावर उतरलं ते एवढंच : बोडिल, जरा फिरून ये.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. डोळे पुसले. "वेडा आहेस तू."

त्याने संगणकाकडे पाहिलं. तिच्याकडे. पुन्हा संगणकाकडे.

"यात घालू? चौकोन करून?"

पापणी सावकाश मिटली. म्हणजे हो.

तेच ती आज सकाळपासून करत होती. शेवटी तिने फोन लावला आणि टागेला ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"आई? आज बुधवार आहे. काय झालं?"

"काही नाही झालं. बाबांना एक वाक्य वाढवायचंय, आणि मला ती फाइल करता येत नाहीये. उजवं बटण दाबलं की नुसतं फोल्डर म्हणतं, तेही ढाल लावून."

पलीकडे श्वास सुटल्याचा आवाज आला. "ती जागा बंद आहे ना. तिथं तुला नवीन फाइल देणारच नाही ते. पासवर्ड सांगतो, लिहून घे."

पेन्सिल तिच्या हातात होती. तिने सहज टागेकडे पाहिलं. त्याचे डोळे वर गेले, छताकडे. नाही. तिने पेन्सिल दाखवली. डोळे पुन्हा वर. तिला लागलं ते. पूर्वीपासूनच तो तिला यंत्रांना हात लावू देत नसे. कपडे धुवायच्या मशीनचं झाकणसुद्धा स्वतः बंद करून बघायचा.

"मला नाही जमायचं," ती फोनमध्ये म्हणाली. "तू ये."

"आई, पासवर्ड टाकायचा, बस. पाच मिनिटांचं काम आहे."

"तू ये, एस्बेन."

मग त्याने हळूच विचारलं, "वाक्य काय आहे?"

छत. नाही.

"आल्यावर बघ."

"मशीनचं आहे का?"

बोडिलने आता टागेकडे पाहिलं नाही. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तिने टेबलावरचा राय ब्रेडचा चुरा बोटाने गोळा केला आणि एका जागी सारला.

"निघतो," एस्बेन म्हणाला.

साडेबाराला त्याची गाडी अंगणात आली. तो आत आला, आईला जवळ घेतलं, आणि पलंगापाशी येऊन थांबला. ऑगस्टनंतर बाप किती आटला आहे, हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. रविवारच्या फोनमध्ये बोडिलने हवा सांगितली होती, शेजाऱ्यांचं नवं छप्पर सांगितलं होतं.

"बाबा," तो म्हणाला.

टागेने चौकोनाकडे पाहिलं. "आलास का," एप्रिलचा आवाज म्हणाला.

एस्बेनने कोट न काढताच खुर्ची ओढली. पासवर्ड टाकला, उजवं बटण दाबलं. यादी पूर्ण उघडली, खालपर्यंत. फाइल झाली. तो हात कीबोर्डवर ठेवून थांबला.

"सांग, आई."

तिने कागद पुढे ठेवला. त्याने वाचला. कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"हे?"

"हो."

"मी चार तास गाडी हाणत आलो. वाटेत बायकोला फोन केला, म्हटलं बाबा तयार झालेत." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "तू मला सांगायचं होतंस."

"हो. सांगायचं होतं."

तो उठून बाहेर गेला. खिडकीतून तो गाडीला टेकून उभा दिसत होता, खांदे वर घेऊन. बोडिलने सिंकमधले दोन कप धुतले आणि तेच पुन्हा धुतले. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि ती इंजिनाच्या आवाजाची वाट पाहत राहिली. तो आवाज आला नाही. दारातून एस्बेन आला, हातात हेडफोन घेऊन. कोट काढून त्याने खुंटीला लावला.

"नुसतं टाइप केलं तर संगणकाचा आवाज बोलेल," तो बापाकडे पाहत म्हणाला. "बाईचा आहे. चालेल?"

डोळे छताला.

"वाटलंच. मग जुन्यातून जोडतो. वेळ लागेल."

पापणी मिटली.

'बोडिल' मिळालं "बोडिल, पांघरूण"मध्ये. 'जरा' उशीच्या वाक्यात होतं. 'ये' "इकडे ये"मधून काढलं. 'फिरून' कुठेच नव्हतं. दोनशे बारा वाक्यं झाली, पण आजारी माणसाला कधी हा शब्द लागेल असं तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. एस्बेनने मूळची, न कापलेली रेकॉर्डिंग उघडली आणि पहिल्यापासून ऐकायला बसला. बोडिलने त्याच्या कोपराशी ब्रेड आणि धुरी दिलेला बांगडा ठेवला. त्याने खाल्लं नाही. टागेचा घसा साफ करायची वेळ झाली, तो तिने केला. एकदा एस्बेन हसला, एकटाच. एकदा त्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले आणि बराच वेळ तसाच राहिला.

तीनच्या सुमाराला त्याने हेडफोनची वायर उपटली. आवाज खोलीत मोकळा झाला.

"...पुरे रे आता. शंभर वेळा पाणी मागून मला खरंच तहान लागली. चल, धरणापर्यंत फिरून येऊ, मग तुझी कुरकुर ऐकतो."

"बाबा, अजून सत्तर राहिलीत."

"सत्तर कुठे पळून जातायत? हॅलिबट आहेत का ती!"

मग दोघांचं हसणं, खुर्ची सरकल्याचा आवाज, दार, आणि लांब जाणारी पावलं. माइक तसाच चालू राहिला होता. रिकाम्या खोपटाचा आवाज बराच वेळ खोलीत भरून राहिला. कुणी तो बंद केला नाही. टागेच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. एस्बेनने ते बाहीने पुसलं. ऑगस्टनंतर त्याने बापाला पहिल्यांदा हात लावला होता.

मग त्याने तो एक शब्द कापून घेतला.

दोनशे तेरावा चौकोन पडद्यावर आला तेव्हा पावणेचार झाले होते, हिवाळ्यातला उजेड सरत आला होता. टागेने टक लावली.

"बोडिल, जरा फिरून ये."

सांधे ऐकू येत होते. 'ये' तर लिलावातल्यासारखा मोठ्याने आला. बोडिल हसली आणि तोंडावर हात धरला.

"आत्ता? अंधारून येतंय."

"बोडिल, जरा फिरून ये."

"एस्बेन, त्याला पाणी द्यायचं तर आधी पूड घालून घट्ट करून..."

"दाखवलंस मघाशी."

"आणि कफ अडकला तर..."

"आई. जा."

तिने कोट घातला, बूट घातले. दारातून वळून पाहिलं तर दोघांपैकी कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं.

धरणावर वारा होता. गेले तीन आठवडे ती दुकानापलीकडे गेली नव्हती. पहिली काही पावलं तिला स्वतःचीच वाटली नाहीत. समुद्र करडा होता आणि फ्योर्डाच्या, आतल्या खाडीच्या, बाजूला एक बोट आत येत होती, दिवे लावून. कालचा दिवस तिच्या मनात आला. तक्त्यावरचं बोट, एकेक ओळ, एकेक पापणी. वाक्य पुरं झालं तेव्हा ते तिला कळलं होतं. तेव्हाच कोट घालून बाहेर पडता आलं असतं. सांगायचं होतं ते त्याने सांगून टाकलं होतं की. तिलाच सांगायचं असतं, तर चौकोनाची काही गरज नव्हती. आणि आज तिने पासवर्ड लिहून घेतला असता, तर एस्बेनला यावं लागलं नसतं.

ती थांबली.

खाली घराच्या खिडकीत उजेड होता आणि आतलं सगळं दिसत होतं. एस्बेनने खुर्ची संगणकापासून ओढून पलंगाशी नेली होती. त्याच्या हातात अक्षरांचा तक्ता होता आणि तो ओळींवरून बोट फिरवत होता. नवखा होता, घाई करत होता, मग मागे येऊन पुन्हा सुरुवात करत होता. उद्या डॉक्टर येणार होते. टागेचं उत्तर बदलणार नव्हतं, ते तिला कालच कळलं होतं. एस्बेनला ते आता कळत असेल, एकेका अक्षराने.

वारा अंगावर घेत तिने कोटाचं वरचं बटण लावलं. घराकडे न वळता ती दगडांच्या बांधाच्या दिशेने पुढे चालत गेली, सावकाश, त्या दोघांना जितका वेळ देता येईल तितका देत.