हत्ती पुसलेला रुपया

मी एक जुना चांदीचा रुपया आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या पाठीवरच एकोणीसशे अकरा असं लिहिलेलं आहे, त्यामुळे वय लपवायची सोय नाही. मित्रांनो, उद्या मला शिरूरला सोनाराकडे नेणार आहेत. तिथून मी परत यायचा नाही. म्हणून जायच्या आधी माझी कहाणी सांगून टाकतो. कंटाळा आला तरी ऐका, पुन्हा सांगायला मी असणार नाही.

टांकसाळीतून आम्ही भावंडं खणखणत बाहेर पडलो तेव्हा काय तोरा होता आमचा! एका अंगाला राजाचं तोंड, राजाच्या अंगावर शाही झगा, आणि त्या झग्यावर एक इवलासा हत्ती. पण ज्यानं तो कोरला त्यानं बहुधा जन्मात हत्ती पाहिला नसावा. सोंड आखूड, पायही आखूड. बाजारात बोभाटा झाला, की हा हत्ती नव्हे, हे तर डुक्कर! आता लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? सरकार घाबरलं, आम्हाला परत बोलावलं, आणि माझी बहुतेक भावंडं भट्टीत जाऊन वितळली. मी तेवढा वाचलो, कारण तोवर मी मांडवगण फराटा गावात एका मडक्यात जाऊन बसलो होतो, आणि मडकं जमिनीत पुरलेलं होतं. मडक्याला बातम्या कळत नाहीत.

ते घर नालबंदांचं. बैलांना नाल ठोकायचे, बाजाराच्या दिवशी जेवायलाही सवड नसायची. चाळीसेक वर्षांनी त्या घरातल्या शाकीरचा निकाह केडगावच्या सरदारबीशी ठरला, तेव्हा ते मडकं उकरलं. मेहरची, म्हणजे नवऱ्यानं नवरीला द्यायची रक्कम रोख द्यायची होती. तिच्यात मानाचा म्हणून मलाही ठेवलं. शाकीरच्या आईनं मला चिंचेनं घासून लखलखीत केलं होतं. मी खुशीत होतो, खोटं कशाला बोलू?

नवरीकडच्या एका म्हाताऱ्यानं मला उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि भर मांडवात म्हणाला, "अरं, ह्यो तर डुकराचा रुपया! आमच्या पोरीला मेहरमधी ह्ये दिलं व्हय?"

कुणीतरी हसलं. सरदारबीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. निकाह झाला, जेवणं झाली, पण त्या पोरीच्या जिवाला ते लागलंच. तिला वाटलं, ह्या घरानं आपली किंमत एवढीच केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाकीरनं मला तिच्या पुढ्यातून उचललं. बारकी कानस घेतली, उंबऱ्यात बसला आणि कानशीच्या टोकानं माझ्या छातीवरचा तो हत्ती घासून घासून पुसून टाकला. दुखलं का? दुखलं तर! पण तो इतक्या जपून घासत होता, की राजाच्या दाढीला धक्का लागला नाही. मग त्यानं मला तिच्या तळहातावर ठेवलं.

"आता ना हत्ती, ना डुक्कर," तो म्हणाला. "आता निस्ता रुपया हाय. कुनी काय बोललं तर मला सांगा."

नव्या बायकोला तो 'तुम्ही' म्हणाला, ह्याचंच तिला हसू आलं. तिनं अंगठा माझ्या त्या गुळगुळीत जागेवर फिरवला. त्या दोघांचं पहिलं बोलणं ते. त्या बोलण्याला मी साक्षीला होतो, दुसरं कुणी नव्हतं.

पुढं मी तिच्या बटव्यात राहिलो. सुपारी, लवंगा आणि मी. ईदला ती मला बाहेर काढायची, अंगठा फिरवायची, परत ठेवायची. शाकीर गेला त्या दिवसापासून मात्र ती ईदची वाट बघेना. रोजच अंगठा फिरायला लागला. नंतर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, माणसं धूसर झाली. पण मला बघायला तिला डोळे लागत नव्हते. ती जागा सापडली, की तिचा श्वास खाली बसायचा.

हे असंच चालू राहिलं असतं, तर मी तुम्हाला कहाणी सांगायला बसलोच नसतो.

सन दोन हजार चारमध्ये सरदारबीच्या नातीचा, नाझियाचा, नर्सिंगला नंबर लागला. घरात पेढे वाटले. पण नाझियाचा बाप, सरदारबीचा मुलगा इनुस, रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात त्याचं कंत्राट संपलं. ऑगस्ट सरायच्या आत फी भरली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. इनुस उसने पैसे मागायला चार ठिकाणी जाऊन आला, तोंड पाडून परत आला. तेव्हा सरदारबीनं बटव्याची दोरी सोडली.

"अम्मा, ह्यो नगं," इनुस म्हणाला. "अब्बांची आठवन हाय."

"आठवन घरात ठिवून पोर शिकत न्हाई," ती म्हणाली. "ने. म्या तुज्या अब्बाला सांगंन वर गेल्याव."

शेजारचे हौसराव फराटे, दोन म्हशी आणि नको तितकी माहिती बाळगून असलेला माणूस. त्यांनीच दौंडच्या आनंदरावांचं नाव सुचवलं आणि इनुसला आपल्या मोटारसायकलवर बसवून नेलं. आनंदरावांचं वह्या-पेनांचं दुकान, पण खरा जीव जुन्या नाण्यांत. त्यांनी मला भिंगाखाली धरलं आणि पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं.

"इनुसभाई, हे आता सहसा मिळत नाही," ते म्हणाले. "पण गिऱ्हाईक नुसत्या माझ्या शब्दावर घेणार नाही. परदेशात कंपन्या आहेत, नाण्याला नंबर देतात. सत्तरपैकी. नंबर देऊन प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून पाठवतात. मग गिऱ्हाईक डोळे मिटून घेतं."

"म्हंजी नाणं बघायचंच न्हाई, डबी बघायची?" हौसरावांनी विचारलं. आनंदराव हसले. मला तेव्हाच हसू आलं नव्हतं.

पहिल्या कंपनीनं मला पन्नास नंबर दिला. माझी ती गुळगुळीत जागा त्यांना दिसली, पण त्यांनी ती वापरानं आलेली झीज धरली. घरी मी कडक डबीत बसून आलो. नाझिया नाचली. सरदारबीनं हात पुढे केला, अंगठा फिरवला, तो प्लास्टिकवरून घसरला. पुन्हा फिरवला.

"आत हाय का खरंच?" तिनं विचारलं.

"हाय, अम्मा. पन डबी फोडायची न्हाई. फोडली की नंबर गेला."

"बरं," ती म्हणाली. मी आतून तिचा अंगठा बघत होतो. इतक्या जवळ होता, मित्रांनो, आणि पोहोचत नव्हता. असली कैद शत्रूलाही नको.

मुंबईचं गिऱ्हाईक आलं, डबी बघितली आणि नाक मुरडलं. म्हणे ह्या कंपनीचा हात ढिला आहे, हिचा पन्नास म्हणजे दुसरीचा चाळीस. दुसऱ्या कंपनीचा नंबर आणा, मग बोलू.

हौसराव उखडलेच. "एकाच म्हशीचं, एकाच धारेचं दूध! वरच्या डेरीत फॅट सात, खालच्या डेरीत सहा. तवा म्हशीनं काय करायचं सांगा की! रस्त्यात आटलं का दूध?"

आनंदरावांनी पकडीनं डबी फोडली. क्षणभर वारा लागला, बरं वाटलं. वाटलं, आता एकदा तरी मांडवगणला नेतील. पण लगेच दुसऱ्या पाकिटात घातलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या कंपनीनं मला उलटंसुलटं केलं, त्या जागेवर उजेड पाडला आणि नंबरच दिला नाही. कागदावर लिहिलं, मुद्दाम घासलेलं नाणं.

आता बघा, खोटं कुणीच बोललं नव्हतं. पहिली म्हणाली झीज, तर ती झीजही होतीच, इतक्या वर्षांच्या अंगठ्याची. दुसरी म्हणाली मुद्दाम घासलंय, तर तेही खरंच होतं. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मुद्दाम घासलं हे ज्यांना दिसलं, त्यांना का घासलं हे विचारावंसं वाटलं नाही. त्यांच्या कागदावर तेवढी जागाच नव्हती.

गिऱ्हाईक फिरकलं नाही. ऑगस्ट उजाडला होता. इनुस आनंदरावांच्या दुकानात बाकावर बसून राहिला, चहा निवला तरी पेला उचलेना.

"एक इलाज आहे," आनंदराव हळूच म्हणाले. "तिसरी एक कंपनी आहे, तिचा नियम निराळा. जरा नीट करून पाठवू. माझ्यावर सोडता का?"

बुडत्याला काडीचा आधार. नीट करून म्हणजे काय, हे इनुसनं विचारलं नाही. मान हलवली.

आनंदरावांनी मला पुण्याच्या एका कारागिराकडे नेलं. त्याचा हात मोठा कसबी होता, मी नाव ठेवणार नाही. त्यानं बारीक टोकाच्या हत्यारानं माझ्या छातीवर हत्ती कोरला. चांगली लांब सोंड, खांबासारखे पाय, सुपाएवढे कान. टांकसाळीतल्याला जे जमलं नव्हतं ते ह्यानं करून दाखवलं. आता मला कुणी डुकराचा रुपया म्हणालं नसतं. आणि शाकीरनं उंबऱ्यात बसून जपून जपून घासलेली जागा त्या हत्तीच्या पोटाखाली गेली. ओरडावंसं वाटलं, पण रुपयाला तोंड कुठं? आमच्याकडे तोंड असतं ते राजाचं.

तिसऱ्या कंपनीचं उत्तर येईपर्यंत सप्टेंबर लागला. उत्तरही काय आलं? नंतर कोरकाम केलेलं, नंबर नाही. नाझियाची जागा तोवर दुसऱ्या मुलीला गेली होती. तेल गेलं, तूप गेलं. आनंदरावांनी स्वतःसाठी एक पैसाही घेतला नाही, उलट मला एका साध्या पिशवीत घालून स्वतः मांडवगणला आणून दिलं. "मी भलं करायला गेलो हो," असं तीनदा म्हणाले. कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

नाझिया रांजणगावला पॅकिंगच्या लायनीवर लागली. कंपनीची बस गावाच्या फाट्यावर येते, तिथं नाझिया जाऊन उभी राहते. पहिल्या दिवशी कामावरून आली ती टोपी न काढताच दादीजवळ बसली आणि मला पिशवीतून काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"घे दादी. आता डबी बिबी काय न्हाई. तुजा तुला परत."

सरदारबीचा चेहरा उजळला. अंगठा निघाला, राजाच्या कानावरून खाली आला, दाढीवरून खाली आला, आणि थांबला. मागे गेला. पुन्हा आला.

"ह्ये काय टोचतंय?"

नाझियानं वाकून बघितलं. "दादी, हत्ती हाय! सोंड बी हाय त्याला. केवढा सुरेख हत्ती काढलाय गं!"

सरदारबीचा अंगठा शोधत राहिला. हत्तीच्या ह्या अंगाला, त्या अंगाला, पायांच्या मधे. मी जीव तोडून ती जागा पुढे करायला बघत होतो, पण ती माझ्याकडेही उरली नव्हती.

"लोकांनी डुक्कर म्हनलं, म्या ऐकून घेतलं," ती शेवटी म्हणाली. "इनुसच्या अब्बांनी पुसलं व्हतं ना माझ्यासाठी. आता हत्ती घिऊन म्या काय करू? ह्यो माझा न्हाई, पोरी. दुसऱ्या कुनाचा तरी आलाय."

"तुझाच हाय, दादी. आल्ला कसम."

"न्हाई गं." तिनं मला नाझियाच्या मुठीत दिलं आणि तिची बोटं मिटवली. "तुला कंपनीत बूट लागत्यात म्हनलीस ना? शिरूरला सोनाराला मोडीत दे. चांदी तर चांदी."

नाझिया रडली. सरदारबी नाही रडली. तिनं बटवा मांडीवर घेतला, आत सुपारी चाचपली आणि एक तुकडा तोंडात टाकला.

तर मित्रांनो, अशी माझी गोष्ट. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल आणि तिच्यावर घासल्याची, झिजल्याची, पोचा आल्याची खूण असेल, तर ती लगेच नीट करायला घेऊ नका. तिची किंमत विचारायला जरूर जा, दहा ठिकाणी जा, दहा आकडे ऐका. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की ही खूण कुणाची. तुमच्यापैकी एकानं जरी विचारलं, तरी पुष्कळ झालं. मला त्याचा उपयोग नाही.

माझी भावंडं भट्टीत गेली ती अंगावरच्या हत्तीपायी. मी मडक्यात वाचलो, आणि पुढं इतकी वर्षं जपला गेलो, कारण एका माणसानं आपल्या बायकोसाठी माझा हत्ती पुसला. उद्या सोनार चांदी वितळवायच्या मुशीखाली जाळ करील. आता माझ्याही अंगावर हत्ती आहे.