सकाळची हजेरी

डबीच्या कडेला ती छोटी पत्र्याची कळ... ती फिरवली की झाकण आपोआप वर उचललं जायचं, आबांच्या हातात तर एका झटक्यात. पण तेजस्वीच्या बोटांत ती नुसतीच गोल फिरत होती आणि झाकण जागचं हलत नव्हतं. बूटपॉलिशची डबी. वरचा काळा रंग घासून घासून गेलेला, आणि आत पॉलिश नाही, कुंकू. एकदा तिनं ती पॉलिशचीच समजून सासऱ्यांच्या, आबांच्या, बुटांजवळ नेऊन ठेवली होती, तेव्हा ते पलटणीत ओरडावं तसे ओरडले होते, आणि मग दिवसभर ओशाळून तिच्याशी उगाचच गोड बोलत राहिले होते.

समोर खाटेवर आई, तिच्या सासूबाई, बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हनुवटी वर. वाट बघत.

काल आबांचं तेरावं झालं. भागोजी हवालदार गेले म्हटल्यावर माणसं लोटली होती, आणि जो तो आपापला भागोजी घेऊन आला होता — कुणी लडाखच्या बर्फात उजव्या हाताच्या बोटांची टोकं गमावून आलेला, कुणी दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंड्यापुढे चकचकीत बुटांत ताठ उभा राहणारा, कुणी खाचरात गुडघाभर चिखलात बैलांशी हिंदीत भांडणारा. सगळे खरेच. पण सकाळी उठून बायकोला कुंकू लावणारा भागोजी कुणी काढला नाही. त्याला लोक आधीच हसून घेऊन मोकळे झाले होते.

आईंचं विसरणं आमटीत दोनदा मीठ पडण्यापासून सुरू झालं. मग विहिरीवर जाऊन त्या परतीची वाट विसरल्या, आणि एके दिवशी मुंबईहून आलेल्या पोटच्या मुलाला विचारलं, तुम्ही कुठले? आबांनी डॉक्टर केले, देव केले, आणि मग एक दिवस पडवीत बसून जाहीर करून टाकलं, "वीस वर्षं ही हितं एकटी पहाऱ्यावर व्हती, मी रजेपुरता यायचो. आता माजी डूटी." शेतावर जाताना ते आईंना बरोबर न्यायचे, जांभळीखाली घोंगडीवर बसवायचे, आणि नांगराचा फेरा त्यांच्याकडे वळला की हात वर करून दाखवायचे... हवालदार बायकोला चरायला नेतो, म्हणायचे लोक. "चरते तरी," आबा म्हणायचे. "तुमची घरात बसून नुसती रवंथ करते."

आणि ती हजेरी. तोंड धुवून, वेणी घालून आईंना खाटेवर बसवायचं, डाव्या हातानं हनुवटी धरायची, न्हावी धरतो तशी, आणि उजव्या अंगठ्यानं — बोटांना टोकंच नव्हती, म्हणून अंगठ्यानं — कुंकू लावायचं. मग खणखणीत आवाजात, "गोदावरी!"

"हजर." डोळे मिटलेलेच. "आनी तुमी?"

"मीपन हजर."

मग त्या डोळे उघडायच्या आणि भाकरीला हात लावायच्या. त्याआधी नाही. मुलाचं नाव गेलं, माहेर गेलं, स्वतःचं घर गेलं, पण एवढं राहिलं होतं... आणि तेजस्वी चुलीपाशी बसून ते रोज ऐकायची. तिला हेवा वाटायचा. सरळ हेवा, सासूचा. तिला मुंबईतल्या नवऱ्याची हाक ऐकू यायची ती गणपतीत आणि शिमग्याला.

गेल्या उन्हाळ्यात कारगिलच्या बातम्या लागायच्या तेव्हा आबा रेडिओ मांडीवर घेऊन बसायचे. पडलेल्या पोरांची नावं आली की त्यांचे ओठ हलायचे. तेजस्वीनं एकदा भांडी विसळता विसळता कान दिला, तर ते प्रत्येक नावाला हळूच हजर म्हणत होते. तेव्हा तिला ते म्हातारपणाचं वाटलं होतं.

रानात भाजावळीसाठी झाडांच्या फांद्या, कवळ, तोडून भारा बांधताना आबा खाली बसले ते बसलेच. अंगणात आणलं तेव्हा यमुनाकाकींनी, शेजारच्याच घरातल्या चुलत सासूबाईंनी, आईंचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसलं, बांगड्या उतरवल्या. आईंनी ते करू दिलं. दुसऱ्या सकाळी मात्र हनुवटी वर करून, डोळे मिटून बसल्या, आणि ऊन उंबऱ्यात आलं तरी बसूनच राहिल्या. तेव्हापासून पोटात काय गेलं असेल तर चमच्यानं कोंबलेली पेज, तीही अर्धी लुगड्यावर. मनगटाची नुसती काडी झाली होती. हे असं फार दिवस चालणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मघाशी काकी पाखडायचं सूप घेऊन आल्या होत्या.

"खाल्लान काय गो तिनं?"

"नाय. काकी... एकदा कुंकू लावून बघू काय?"

काकींनी सूप खाली ठेवलं. "येडी झालीस काय गो? नवरा गेलेल्या बायेला कुकू लावतंस? मला वाडीत तोंड दाखवायचा हाय." आणि मग जरा खालच्या आवाजात, "भूक लागली की खाईल. मी हाय ना."

काकी वाईट नव्हत्या. उद्यापासून आईंचं सगळं त्यांच्याच गळ्यात पडणार होतं, त्या तरी आणखी किती करणार?

आणि तिचा नवरा विनोद रात्री म्हणाला होता, भिंतीकडे तोंड करून, "लाव की. मी काय बोलणार नाय. पन एकदा लावलंस की रोज लावायला लागंल. उद्यापासून कोण लावणार... काकी?" त्यात खोटं काय होतं? मुंबईत कांजूरला त्या दोघांना खोली मिळाली होती. एक खोली, मोरी आतच, नळाला सकाळी पाणी. लग्न झाल्यापासून तेजस्वी त्या खोलीच्या वाटेकडे डोळे लावून होती. संध्याकाळी संगमेश्वरला गाडी पकडायची, पिशव्या पडवीत भरून तयार — आणि ही बाई हनुवटी वर करून बसलेली. लावलं नाही तर तिला उपाशी टाकून जायचं. लावलं तर... लावलं तर एकच दिवस लावून कसं जायचं?

कळ खाचेत बसली. झाकण उचललं गेलं.

कुंकवात आबांच्या अंगठ्याचा खळगा तसाच होता. तेजस्वीनं आधी अनामिका पुढे केली, मग मागे घेतली. अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो तिच्या अंगठ्याला फार मोठा होता. बाहेर काकींचं सूप एका लयीत आपटत होतं. तिनं डाव्या हातानं आईंची हनुवटी धरली आणि कपाळावर अंगठा टेकवला.

काहीच झालं नाही. डोळे मिटलेलेच.

हाक... हाक राहिली होती. पण सासूला नावानं हाक मारायची कशी, जीभच उचलेना. काकी ऐकतील, विनोद ऐकेल. काय चाललंय हे माझं, कुणी सांगितलं होतं? बाहेर सूप थांबलं. घरात एवढं शांत झालं की तिला आईंचा श्वास ऐकू यायला लागला.

"हजर," आई म्हणाल्या. कुणी न बोलावता.

आणि मग, "आनी तुमी?"

तुमी म्हणजे आबा. त्यांना विचारलं होतं. तेजस्वीनं ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांना विचारलंय, मला नाही, मी इथली नाही, संध्याकाळी मी नसणार... हनुवटी तिच्या तळव्यात थरथरायला लागली, आधी थोडी, मग जास्तच.

"मीपन हजर."

आवाज स्वतःचाच होता, हे तिला मागून कळलं.

आईंनी डोळे उघडले. तेजस्वीकडे पाहिलं — तिच्याचकडे — आणि काही नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. थाळी जवळ ओढली, भाकरीचा तुकडा मोडला.

तेजस्वीला आबांचा राग आला. ते गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि इतका की रडू फुटलं. तुमची डूटी होती ना? कुणाला विचारून मला इथं उभी करून गेलात? मी हो कधी म्हटलं होतं? आणि राग येत असतानाच तिचा डावा हात आईंच्या ओठाला लागलेला कण पुसत होता.

"तेजू!" पडवीतून विनोदची हाक आली. "पिशवी बांधायला दोरी हाय काय गं?"

दोरी होती. खुंटीला, आबांच्या टोपीखाली. तिनं ओ द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुन्हा हाक आली. आई सावकाश भाकरी चावत होत्या, आणि तेजस्वी कुंकवाचा अंगठा पदराला न पुसता तसाच धरून त्यांच्यासमोर बसून होती.