एका खुर्चीत दोन पेशंट

सासूबाईंना ऑफिसात आई म्हणायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला. शिंप्याच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत त्यांची कंपनी होती. दातांच्या दवाखान्यांत पेशंटच्या वेळा ठरवणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलेला, आणि तिथे त्या सगळ्यांच्या ‘बाई’ होत्या. सून हा नियम कसोशीने पाळी. धाकटा दीर मात्र येता-जाता “आई” म्हणे आणि येता-जाता बोलणी खाई.

एके दिवशी बाईंनी दोघांना समोर बसवलं. “नवी आवृत्ती दवाखान्यांना कधी द्यायची, हे यापुढे तुमच्यातल्या एकाने ठरवायचं. माझा जीव आता दर वेळी टांगणीला लागायला नको.”

सुनेला ते काम मनापासून हवं होतं. भाऊजींचा स्वभाव उतावळा. त्यांच्या हाती कारभार गेला असता तर सकाळी लिहिलेलं दुपारी दवाखान्यात पोचलं असतं आणि संध्याकाळी निस्तरायला ती बसली असती.

“तू सारखी टेस्ट, टेस्ट करतेस ना?” बाई तिला म्हणाल्या. “मग निम्माशिम्मा नाही, चांगला ऐंशी टक्के प्रोग्रॅम टेस्टमधून गेलेला दाखव शुक्रवारपर्यंत. दाखवलंस तर तू. नाहीतर हा.”

“वहिनी, मी आत्ताच अभिनंदन करून घेतो माझं,” दीर म्हणाला.

सून कामाला लागली. टेस्ट, म्हणजे प्रोग्रॅम तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवल्या की मूळ प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळी चालल्या आणि कुठल्या ओळींना कुणी शिवलंसुद्धा नाही, हे दाखवणारा कव्हरेजचा रिपोर्ट तिला जोडायचा होता. चाललेली ओळ हिरवी, न चाललेली तांबडी. पहिल्याच फेरीत आकडा भरघोस आला तेव्हा तिला शंका आली. बघते तर रिपोर्टाने टेस्टच्या फायलीही हिशेबात धरल्या होत्या, म्हणजे पेपर तपासणाऱ्यालाच मार्क! त्या फायली वगळल्यावर आकडा धपकन एक्केचाळीसवर आला.

रिपोर्ट तिने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला. बाई चष्मा पुसत उभ्या राहिल्या.

“ही माझी फाईल?”

“हो, बाई.”

“सगळ्या फायलीला गोवर आलाय की!”

“आई, तुझंच बाळ ते,” दीर म्हणाला.

“बाई म्हण. आणि ही फाईल टेस्ट केलेली नाही, असं कुणी म्हणायचं नाही. तुझे बाबा आणि मी केलीय ती टेस्ट.”

ते सून लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. सुरुवातीला कंपनी घरातल्याच एका खोलीत होती. सासरे स्वयंपाकघरातून फोन करायचे, गालात बोळा धरल्यासारखा आवाज काढून पेशंट व्हायचे, आणि बाई बाहेरच्या खोलीत प्रोग्रॅमवर त्यांना वेळ द्यायच्या. कधी ते उशिरा येणारी म्हातारी होत, कधी दोन जुळ्या मुलांचा बाप. हसता हसता बाईंचं टायपिंग चुकायचं, आणि त्या चुकांमधूनच प्रोग्रॅम सुधारला. सासरे गेल्यावर फोन करणारं कुणी उरलं नाही.

टेस्ट लिहायच्या तर खूप होत्या. गुरुवारी दीर आपणहून खुर्ची ओढून आला.

“वहिनी, तुझं उतरलेलं तोंड बघवत नाही. मी हरलो तरी चालेल. सांग, काय करायचं?”

“या तांबड्या ओळी हिरव्या करायच्या, भाऊजी. टेस्ट प्रत्येक ओळीवरून गेली पाहिजे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

दीर झपाट्याने लिहीत सुटला. पडद्यावरचा आकडा दुधासारखा वर चढत गेला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो चौऱ्याऐंशीवर होता. सून मनातल्या मनात टाळ्या पिटत होती. बाई यायच्या आत एकदा सगळं नजरेखालून घालावं, म्हणून तिने दिराच्या टेस्ट उघडल्या, आणि तिचा घास हातातच राहिला.

टेस्ट प्रोग्रॅमला कामाला लावत होत्या आणि उत्तर न बघताच निघून येत होत्या.

“भाऊजी, यात तपासलंय कुठे काही?”

“तपासायचं कधी म्हणालीस? ओळींवरून जायचं म्हणालीस. गेलो.” दिराच्या चेहऱ्यावर जराही लबाडी नव्हती, आणि तिला रागही धड येईना. सांगितलं तर तिनेच होतं.

आकडा समोर होता. बाईंनी मागितला होता त्याहून चांगला. कुणी टेस्ट उघडून वाचणार नव्हतं. पण यापुढे नवी आवृत्ती जायची ती तिच्या शब्दावर, आणि असा शब्द दिल्यावर तिलाच झोप आली नसती.

बाई आल्या. आकडा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. “वा गं!”

“थांबा, बाई. एक गंमत बघा.” तिने प्रोग्रॅममधली एक ओळ बिघडवली. खुर्ची मोकळी आहे की नाही हे न बघताच वेळ द्यायची, असं करून ठेवलं. टेस्ट चालवल्या. सगळ्या पास. आकडा तसूभरही हलला नाही.

“म्हणजे एका खुर्चीत दोन पेशंट?”

“हो.”

“आणि तरी हिरवं?”

“गर्द हिरवं.”

हसण्याने बाईंचं पोट हलायला लागलं. “अरे, दात कुणाचा उपटायचा ते तरी विचारा त्या डॉक्टरला!”

सुनेने ती ओळ नीट केली, दिराच्या टेस्ट काढून टाकल्या. एक्केचाळीसच्या थोडा वर आकडा अडकला. “हरले मी,” ती म्हणाली.

बाई तिच्या शेजारी बसल्या आणि गालात जीभ घालून बोबड्या आवाजात म्हणाल्या, “डॉक्टल, मी चालची वेळ घेतली होती, पण येत नाही. माझ्या वेळेला माझ्या भावाला बछवा.”

सून हसत टेस्ट लिहू लागली: वेळ रद्द झाली, तर खुर्ची मोकळी झालीच पाहिजे. ही टेस्ट उत्तरही बघत होती. चालवली, आणि ती सपशेल नापास झाली.

“खुर्ची मोकळी होत नाहीये,” सून म्हणाली. “भाऊजींनी या आठवड्यात वेळ रद्द करायचा भाग बदलला ना, तेव्हापासून.”

“बापरे,” दीर म्हणाला. “आणि मी मोठ्या दवाखान्याला आज संध्याकाळी नवी आवृत्ती द्यायचं कबूल करून बसलोय!”

तेवढ्यात त्याच दवाखान्यातून फोन आला. बाईंनी उचलला. पलीकडून डॉक्टर आवृत्ती कधी येते ते विचारत होते, आवाज खोलीभर ऐकू येत होता. दिराने आईकडे पाहिलं.

“मला काय विचारता, डॉक्टर?” बाई म्हणाल्या. “ते ठरवणारं माणूस वेगळं आहे. देते.”

त्यांनी फोन सुनेच्या हातात ठेवला.

“आई, पण ऐंशी...” सून कुजबुजली. तिच्या तोंडून आई निसटल्याचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

“बोल ना, ते खोळंबलेत.”

सुनेने एकदा नापास टेस्टकडे पाहिलं, घसा साफ केला आणि फोन कानाला लावला.

“डॉक्टर, आज नाही,” ती म्हणाली. “बुधवारी देते. आणि मी स्वतः येऊन बसवून देते.”