पहिल्या हाकेला

"आरं, भूत कधी निघतंय?" रविंद्रसर कंटाळून म्हणाले. "धा मिनिटं झाली, मी हितं बाजेवर नुसता पडून राहिलो!"

"भूत न्हाई सर त्यात," कुलदीप म्हणाला.

"न्हाई? मंग हे 'भ्या, भ्या' कोण म्हणून राहिलं?"

सेनगावात रविंद्रसरांचा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, आणि लाईट असेल तेवढाच वेळ क्लास. कुलदीप तिथं टायपिंग शिकवायचा आणि क्लास सुटला की कोपऱ्यातल्या मशीनवर आपला गेम करत बसायचा. तीन वर्षं बसला, आणि केलं काय, तर तांड्यावरचं एक घर. आत बाजेवर पडलेला पोरगा, बाहेर टळटळीत दुपार. एका लहान पोरीची हाक येते. ओ द्यायची तर बटण दाबायचं, नाहीतर दुसऱ्या हाकेची वाट बघत पडून राहायचं. बस, संपला गेम!

"भ्या न्हाई सर, भिया. आमच्या बोलीत भावाला भिया म्हणतात."

"खेळणाऱ्याला काय सपान पडणार हाय? त्याला वाटतं, भ्या म्हणतात म्हंजी आता काहीतरी येणार. अन् बटण दाबलं तर पडदा काळा!"

"पुढचं जमंना मला."

"आरं, सोपं हाय. गेमच्या सीड्या काढून विकणारा औरंगाबादचा सीडीवाला सोमवारी येऊन राहिला, त्याला भुताचेच गेम पाहिजेत. ओ दिली की विहिरीतून पोरगी काढ. केस मोकळे, डोळे पांढरे. कॉम्प्युटरपुढं रडायला कोण बसतं बाबा? भ्यायला बसतात."

सर मनानं वाईट नव्हते, आणि बोलले त्यात खोटंही काही नव्हतं. कुलदीपचं नाव सीडीवर यावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. कुलदीपलाही वाटत होतंच की! त्यानं त्याच संध्याकाळी पोरीचे डोळे पांढरे करून टाकले. मग केस मोकळे सोडायला गेला आणि तिथं त्याचा हात अडला. शितलच्या वेण्या याडी, म्हणजे आई, इतक्या घट्ट घालायची की त्या कधी सुटायच्याच नाहीत. विहिरीतून काढली तेव्हासुद्धा सुटल्या नव्हत्या.

शितल ही कुलदीपची धाकटी बहीण. पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात गेली. ती नऊ वर्षांची, हा बाराचा. आईबाप कामावर गेलेले. शितल घरामागच्या विहिरीवर पाणी शेंदत होती आणि हा बाजेवर लोळत होता. तेवढ्यात हाक आली, "भिया!" याचं तोंड उघडलंही होतं. पण आईनं शिकवलेलं आठवलं. भर दुपारी पहिल्या हाकेला ओ देऊ नये. भूत एकदाच हाक मारतं, माणूस तीनदा मारतो. म्हणून तो दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिला. ती आलीच नाही, आणि या वेड्या पोराला आनंद झाला, की बरं झालं, आपण फसलो नाही!

झोपलो होतो, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. खरं सांगितलं असतं तर शिकवण कुणाची होती तेही निघालं असतं, आणि मग याडी जगली नसती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुपारी नीलाबाई, म्हणजे त्याची याडी, पिशवी घेऊन थेट क्लासात आली. मायलेक तांड्याच्याच बोलीत बोलायचे, मी आपलं मराठीत सांगतो.

"तीन वर्षं काय करून राहिला, ते दाव तरी मला."

"काही न्हाई याडी, असंच."

पण रविंद्रसरांनी हौसेनं खुर्ची पुढं केली. "बसा मावशी. पोरानं अख्खा तांडा बसवलाय यात." आणि गेम लावूनही टाकला.

नीलाबाईनं मान पुढं काढली. "बया! हे तर आपलं घर. बाज हितंच व्हती, बराबर."

तेवढ्यात हाक आली. "भिया!"

"ओ!" नीलाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की टायपिंग करणारी पोरं थांबली. सरांनी तिचं बोट धरून बटण दाबून दिलं. पडदा काळा झाला.

"कुठं गेली ती?"

"पुढचं केलं न्हाई."

ती काळ्या पडद्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हाक तू ऐकलीस. तू जागा व्हतास."

"न्हाई याडी, झोपलो व्हतो."

"खोटं नको बोलू. तेरा वर्षं बोललास तेवढं बास. किती हाका आल्या?"

"एकच."

"अन् पहिलीला ओ द्यायची न्हाई, हे तुला म्या शिकवलं." तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि दोघंही रडले, चारचौघांत, लाजलज्जा सोडून. "एवढं एकट्यानं काहून वागवलंस रे लेकरा?"

रडं ओसरल्यावर तिनं पडद्याकडं बोट केलं. "आता तिथं काय घालणार?"

"सर भूत घाल म्हणतात."

"माझी लेक भूत न्हाई," नीलाबाई म्हणाली. "तिला फक्त कुणी ओ दिली न्हाई. यात माझा आवाज जातो का?"

रविंद्रसरांना बोली कळली नव्हती, पण एवढं रडणं न कळायला ते काही दगड नव्हते. कुलदीपनं दोन शब्दांत सांगितलं, तसा त्यांनी स्वतः माईक आणून दिला, पोरांना गप्प बसवलं, आवाज नको म्हणून पंखाही बंद केला. "सीडीवाल्याचं मी बघतो," एवढंच म्हणाले.

नीलाबाईनं पदर सारखा केला. कुलदीपनं हाक लावली.

"भिया!"

"ओ," ती म्हणाली. तेवढंच म्हणायचं ठरलं होतं. पण माईक तोंडाजवळ ओढून ती पुढं बोलली, "आले गं बाई, आले. दोर सोडू नको."

रेकॉर्डिंग थांबवायचं बटण कुलदीपच्या बोटाखालीच होतं. बराच वेळ त्यानं ते दाबलं नाही.